दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिउद्यान: घाई नको

टूरवाले या उद्यानाला ‘पॉइंट’ समजून तासाभरात बाहेर काढतात, तिथंच चूक होते. किमान अडीच तास ठेवा. गुरुवारी बंद असतं. सकाळी दार उघडताच आत शिरा, कारण उशिरा धुकं उतरलं की जाळीपलीकडचं काहीच दिसत नाही.

१९५८ साली सुरू झालेलं हे उद्यान सुमारे ७,००० फुटांवर आहे. इथं सिंह-जिराफ शोधू नका. भर आहे तो हिमालयातल्या प्राण्यांवर. हिमबिबट्या, तिबेटी लांडगा, हिमालयीन काळं अस्वल आणि अर्थातच रेड पांडा. पांडा दुपारी फांदीवर पाय लोंबकळत सोडून झोपतो, त्यामुळे ‘पिंजरा रिकामा’ म्हणून लोक पुढं जातात. नजर जमिनीवर नको, फांद्यांच्या बेचक्यात ठेवा. पट्टेदार शेपूट आधी दिसते. खाताना दिसला तर पंजा नीट बघा: मनगटाचं वाढलेलं हाड अंगठ्यासारखं वापरून तो बांबूची डहाळी धरतो.

या प्राण्यांच्या प्रजननाचं मुख्य काम उद्यानाच्याच तोपकेदारा केंद्रात चालतं. ते पर्यटकांना बंद आहे, आणि ते योग्यच आहे. उद्यानात जन्मलेल्या रेड पांडाच्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडल्या होत्या.

आतली वाट चढाची आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी काठी घ्यावी. पावसात रबरी तळाचे बूट हवेतच. गिर्यारोहण संस्थेचं संग्रहालय याच आवारात आहे, पण ते शेवटी बघा.