खड्डा न खणता रस्त्याकडेचा बोर्ड वाऱ्यात उभा ठेवणे : हंगामभराचा अनुभव

आमची खानावळ रत्नागिरी–गणपतीपुळे सागरी मार्गावर, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. इथे वीतभर मातीखाली सलग जांभा. खुंटी शिरत नाही, आणि रस्त्याकडेला पक्कं बांधकाम करता येत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास लोखंडी घोडीचा, म्हणजे वर जोडलेल्या दोन पाट्यांचा, तंबूसारखा उभा राहणारा बोर्ड घेतला, दोन्ही बाजूंनी वाचता येणारा, २ बाय ३ फूट, वजन साधारण ७ किलो. सोबत बुडात पाणी भरायचा एक उभा झेंडा. आता पावसाआधी दोन्ही आत घ्यायचे आहेत.

घोडीचा बोर्ड उत्तम. पण वजन किती ठेवलं यापेक्षा ते कोणत्या पायावर ठेवलं यावर सगळं अवलंबून आहे. ताशी ४० किमी वाऱ्यात एवढ्या पत्र्यावर ५ किलोच्या आसपास रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, त्यामुळे ६० किमीलाच तो ११ किलोवर जातो. बोर्ड पलटतो तो वाऱ्याच्या पलीकडच्या पायावर, अलीकडचा पाय उचलला जातो. दोन पायांत २ फुटांचं अंतर असेल तर अलीकडच्या पायावरचं १० किलो हे मधोमध ठेवलेल्या २० किलोइतकं काम करतं. बहुतेक जण वाळूची पिशवी दोन पायांमधल्या साखळीला टांगतात. ती तिथे झोके घेते आणि निम्मं वजन वाया जातं.

आमचा रस्ता दक्षिणोत्तर, म्हणजे बोर्डाची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला. उन्हाळ्यात दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून सुटतो, म्हणून जड पिशवी उत्तरेच्या पायावर. एप्रिल संपत आला की वळवाच्या पावसाचा भरवसा नाही, घाटाकडून कधीही झोत येतो. तेव्हापासून दोन्ही पायांना १०-१० किलो.

पिशव्यांबद्दल सविस्तर सांगतो, कारण खरी फजिती इथेच होते. खताची गोणी उन्हात काही महिन्यांत कुजते, बोट लावलं तरी भुगा होतो आणि वाळू रस्त्यावर. पंक्चरवाल्याकडे ट्रकची जुनी ट्यूब मिळते. तिचा पावणेदोन फुटांचा तुकडा कापायचा, एक तोंड दुमडून तारेने आवळायचं, कोरडी वाळू ठासायची आणि दुसरं तोंड तसंच बांधायचं. साधारण १० किलो बसते. ऊन-पाऊस सोसते आणि रबर असल्यामुळे पायावरून घसरत नाही. खाडीची वाळू घेऊ नका. मिठामुळे तार आणि पाइप दोन्ही गंजतात.

झेंड्याचं पाण्याचं बूड मात्र मला आवडलं नाही. २० लिटर म्हणजे २० किलो, हे कागदावर ठीक. पण झाकणाचा वायसर सैल होता, पाणी हळूहळू उतरत गेलं, आणि अर्धं भरलेलं बूड म्हणजे धोका. पाणी एका बाजूला जातं, झेंडा त्याच बाजूला कलतो. शिवाय उघड्या तोंडात डासांच्या अळ्या झाल्या. शेवटी त्यात वाळू भरली. तेवढ्याच जागेत वजन दीडपट झालं, झेंडा स्थिर झाला, पण आता ते बूड एकट्याने उचलत नाही.

पत्र्याऐवजी फ्लेक्स लावला, तर वारा जावा म्हणून त्याला चिरा पाडून फारसा फरक पडत नाही. जाळीचा फ्लेक्स घेतला तर वारा खरंच आरपार जातो, अक्षरं थोडी फिकी दिसतात एवढंच.

आणि इशारा आला की बोर्ड मिटून आडवा ठेवायचा. तौक्तेसारख्या (मे २०२१) वादळापुढे कसलंही वजन टिकत नाही, आणि सुटलेला पत्रा दुचाकीवाल्याच्या अंगावर जातो.

नवा घेणाऱ्यांनी पायाशी, जमिनीलगत आडवी पट्टी असलेला बोर्ड मागावा, म्हणजे पिशवी तिच्यावर बसते. नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्या, आणि सांध्यावर लगेच रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारा. खाऱ्या हवेत तोच आधी जातो.