सिस्टर्स ऑफ मर्सीची 'फ्लडलँड': जुनी एलपी, बाजू दोनपासून ऐका

टर्नटेबलची सुई कधीची घासली होती, शेवटी गेल्या महिन्यात बदलून घेतली, आणि नव्या सुईखाली पहिली कुठली रेकॉर्ड ठेवायची याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. फ्लडलँड, सिस्टर्स ऑफ मर्सी या ब्रिटिश रॉक बँडची. लीड्सला मास्टर्स करत होते तेव्हा एका सेकंडहँड दुकानातून १८ पौंडाला घेतलेली, कव्हरचा एक कोपरा दुमडलेला, आत कोणीतरी पेनने स्वतःची आद्याक्षरं लिहिलेली. पुण्याला परत येताना दोन स्वेटर तिथेच सोडले पण ही हँडबॅगेजमधून आणली, मांडीवर ठेवून. तेव्हापासून किती वेळा वाजली असेल त्याला हिशोब नाही, आणि आता नवीन सुईवर पुन्हा ऐकली तेव्हा वाटलं की हिच्यावर नीट लिहायलाच हवं.

आधी एक गोष्ट सांगते. गॉथ म्हणजे अंधाऱ्या, गंभीर सुरांचं रॉक संगीत, आणि गॉथ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर काळे कपडे, भरपूर काजळ आणि रडगाणी येतात. कपडे आणि काजळ मान्य. पण रडगाणं म्हणणाऱ्यांनी फ्लडलँड ऐकलेली नसते. ही रेकॉर्ड मिरवणूक काढते. काळी, भव्य, पावसात निघालेली मिरवणूक, आणि तिच्या पुढे जो ढोल वाजतोय तो वाजवणारा माणूस नाहीच, मशीन आहे.

त्या मशीनपासूनच सुरुवात करायला पाहिजे. सिस्टर्स ऑफ मर्सी १९८० साली लीड्समध्ये सुरू झाले, अँड्र्यू एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स या दोघांनी मिळून. पहिल्या सिंगलवर ड्रम स्वतः एल्ड्रिचने वाजवलेत, मग त्याने ते सोडून गाणं धरलं आणि ड्रमरच्या जागी आणली एक ड्रम मशीन, बॉस कंपनीची डीआर ५५, छोटासा डबा, त्यात मोजून चार आवाज, किक, स्नेअर, रिमशॉट आणि हायहॅट, बास. त्या डब्याला नाव दिलं डॉक्टर अ‍ॅव्हलांश आणि तो बँडचा मेंबरच झाला. पुढे मशीन बदलत गेल्या, जास्त चांगल्या, जास्त महागड्या आल्या, पण नाव तेच राहिलं. माणसं आली आणि गेली, गिटारवाले बदलले, बेसवाले बदलले, एल्ड्रिच सोडला तर पहिल्यापासून आजपर्यंत टिकलेला एकच, डॉक्टर.

लोक म्हणतात मशीनच्या ठेक्याला जीव नसतो. मला उलट वाटतं. आमच्या ढोल-ताशा पथकात आम्हाला पहिले कित्येक दिवस नुसता एकच टोल धरायला लावायचे, हात भरून आले तरी लय हलता कामा नये, कारण खालचा टोल पक्का असेल तरच वरचा ताशा मोकळा सुटतो. डॉक्टर अ‍ॅव्हलांश तेच करतो. तो हलत नाही, थकत नाही, उगाच काही दाखवायला जात नाही, आणि त्यामुळे एल्ड्रिचचा आवाज, तो खर्जातला, जमिनीखालून आल्यासारखा आवाज, त्याला वाटेल तिथे रेंगाळू शकतो.

आता रेकॉर्डकडे. नोव्हेंबर १९८७ ला आली. त्याआधी काय झालं ते कळल्याशिवाय हिच्यातला राग कळत नाही. मार्च १९८५ मध्ये यांचा पहिला अल्बम आला, फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज, आणि तो येतो न येतो तोच बँड फुटायला लागला. मार्क्स गेला, जूनमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला मोठा शो झाला आणि त्यानंतर गिटारवाला वेन हसी आणि बेसवाला क्रेग अ‍ॅडम्स हे पण गेले. गेले ते गेले, वर त्यांनी नव्या बँडला नाव ठेवलं सिस्टरहुड. एल्ड्रिच इतका भडकला की त्याने स्वतःच घाईघाईने सिस्टरहुड नावाने सिंगल काढलं, मग १९८६ मध्ये अख्खा अल्बम काढला, म्हणजे ते नाव त्यांना वापरताच येऊ नये. त्यांनी मग द मिशन असं नाव घेतलं आणि तेही चांगले चालले. एल्ड्रिच तोवर जर्मनीत हॅम्बुर्गला जाऊन राहिला होता, आणि हे सगळं पचवून, मशीन घेऊन, त्याने फ्लडलँड लिहिली. बेसला पॅट्रिशिया मॉरिसन आली, आधी गन क्लब या अमेरिकन बँडमध्ये होती ती. कव्हरवर आणि व्हिडिओत ती आहे आणि तिच्याशिवाय या रेकॉर्डचं रूप डोळ्यासमोर येत नाही.

बाजू दोनपासून ऐका म्हणते त्याचं कारण दिस कोरोजन. बाजू दोनचं पहिलं गाणं, दहा-एक मिनिटांचं. सुई टेकते, थोडी खरखर, आणि मग एकदम कोरस. चाळीस जणांचा खराखुरा कोरस, न्यूयॉर्क कोरल सोसायटीचा. आणि हे करणारा प्रोड्यूसर कोण तर जिम स्टाइनमन, मीट लोफच्या बॅट आउट ऑफ हेल अल्बमची गाणी लिहिणारा, बॉनी टायलरचं टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट लिहिणारा. म्हणजे लीड्सच्या तळघरातून आलेला बँड आणि अमेरिकेतला सगळ्यात अतिशयोक्त प्रोड्यूसर, कागदावर हे जमायलाच नको. पण जमलंय, आणि कसं जमलंय हे मला पोवाड्यामुळे कळलं. शाहीर एक ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलून आभाळाला भिडवतात, बरोबर? शाहिराला ओरडावं लागत नाही, त्याच्यामागे माणसं उभी आहेत. एल्ड्रिच इथे तसाच गातो, आवाज न चढवता, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि चढायचं काम कोरसकडे. ज्यांच्यावर राग आहे त्यांचं नाव घेत नाही, पण हे गाणं सोडून गेलेल्यांना उद्देशून आहे हे लपत नाही, आणि एवढा राग असून ते नाचायचं गाणं आहे! सिंगल म्हणून ते ब्रिटनच्या चार्टवर ७ नंबरपर्यंत गेलं होतं.

मी पहिल्यांदा ते मोठ्या स्पीकरवर ऐकलं ते लीड्सलाच, एका क्लबच्या गॉथ नाइटला. त्या शहराला याची जुनी सवय आहे, मेरियन सेंटरच्या खाली ल फोनोग्राफिक नावाचा क्लब होता तिथे त्या काळी हीच सगळी मंडळी जमायची, मी गेले तेव्हा तो कधीच बंद झाला होता. तर त्या रात्री डीजेने दिस कोरोजन लावलं आणि तोवर भिंतीला टेकून उभी असलेली पन्नाशीतली एक बाई, काळा लेसचा गाउन, पायात जाडजूड बूट, तिने हातातला ग्लास खाली ठेवला आणि फ्लोअरच्या बरोब्बर मध्यभागी जाऊन उभी राहिली. दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, हात पाण्यातून फिरवल्यासारखे. पूर्ण गाणं. एकही पाऊल चुकलं नाही. मला तेव्हा कळलं की हे संगीत दुःखात बसून राहायला नाही, दुःख अंगावर घालून बाहेर पडायला आहे.

बाजू एकवर यायचं तर पहिलंच डोमिनियन, मदर रशिया या गाण्याला जोडलेलं. सॅक्सोफोन आहे यात, मशीनच्या ठेक्यावर, आणि तो ज्या थाटात येतो ना, राजवाड्याचा दरवाजा उघडल्यासारखा. साम्राज्यं, त्यांचं गळून पडणं, अमेरिका, रशिया, आणि मदर रशियाला बरस म्हणणारा तो कोरस. लक्षात घ्या हे १९८७ आहे, चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटाला जेमतेम दीड वर्ष झालेलं आणि युरोपात किरणोत्सर्गी पावसाची लोकांना भीती बसलेली. हे माहीत नसताना मी ते नुसतं छान कोरस म्हणून गुणगुणायचे, कळल्यावर अंगावर काटा आला. व्हिडिओ जॉर्डनमध्ये पेट्राला शूट केलाय, डोंगरात कोरलेल्या त्या शहरात, आणि आपण वेरूळ बघत मोठी झालेली माणसं, आपल्याला ते लगेच भिडतं.

लुक्रेशिया माय रिफ्लेक्शन हे माझं सगळ्यात लाडकं. आधी ठेका, मग बेस. तो बेस म्हणजे एकच ओळ आहे, गोल फिरत राहते, आवर्तनासारखी, दर वेळी समेवर येऊन आपटते. पाच मिनिटं तेच. आणि कंटाळा येत नाही, उलट प्रत्येक आवर्तनाला ते जास्त जड होतं. यंत्रांच्या घरघरीचा उल्लेख आहे गाण्यात आणि ऐकतानाही खरंच गिरणीत उभं असल्यासारखं वाटतं. लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर, त्यातल्या कितीतरी बंद पडलेल्या, मी ज्या बिल्डिंगमध्ये राहायचे तीसुद्धा जुनी गिरणीच होती, लोखंडी खांब खोलीच्या मधोमध. त्या खांबाला पाठ लावून हे गाणं ऐकलंय मी.

इथे थोडं इंडस्ट्रियल संगीताबद्दल बोलायलाच हवं, कारण मला नेहमी विचारतात की गॉथ आणि इंडस्ट्रियल एकच का. नाही. इंडस्ट्रियल हे नाव थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश बँडने १९७६ मध्ये स्वतःचं लेबल काढलं इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स, तिथून आलं. मग पश्चिम बर्लिनमध्ये १९८० ला आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन हा बँड आला, ज्यांनी भंगारातला पत्रा, स्प्रिंगा, ड्रिल मशीन हीच वाद्यं केली आणि सुरुवातीचं एक रेकॉर्डिंग तर हायवेच्या पुलातल्या पोकळीत बसून केलं. तिकडे अमेरिकेत ट्रेंट रेझनर क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत नोकरी करायचा आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा रात्री स्वतःचे डेमो रेकॉर्ड करायचा, त्यातून १९८९ ला त्याच्या नाइन इंच नेल्स या बँडची पहिली रेकॉर्ड आली. ही सगळी मंडळी यंत्राला यंत्रासारखं वाजू देतात, कर्कश, टोकदार. सिस्टर्स त्या अर्थाने इंडस्ट्रियल नाहीत, आणि एल्ड्रिचला तर गॉथ हा शिक्काही कधी आवडला नाही. पण लुक्रेशिया ऐकून बघा, दोन्ही घराण्यांची वेस तिथे लागते. ज्याला हे आवडलं त्याला पुढे नॉयबाउटेन ऐकवता येतं. थेट नॉयबाउटेन ऐकवलं तर माणूस पळून जातो, हे मी माझ्या सख्ख्या भावावर करून पाहिलंय.

'१९५९' या गाण्यात मशीन गप्प होते. नुसता पियानो आणि आवाज. एल्ड्रिचचं जन्मसाल आहे ते. एवढ्या गदारोळानंतर कुणीतरी लाइट बंद करून एकच दिवा ठेवावा तसं. माझ्या कॉपीवर नेमकी इथे खरखर आहे, आधीच्या मालकाने हेच गाणं जास्त ऐकलं असणार, आणि मला ती खरखर पुसून टाकावी असं कधी वाटलं नाही.

उणं काय? आहे. फ्लड वन आणि फ्लड टू या दोन गाण्यांत मला दुसरं कमी पडतं. दिस कोरोजननंतर लगेच ते येतं आणि कुठलंही गाणं तिथे पडलंच असतं म्हणा, पण तरी. शेवटचं नेव्हरलँड एलपीवर अर्धवटच आहे, नावातच तुकडा म्हटलंय, आणि तो तुकडा इतका सुंदर की संपल्यावर चिडचिड होते. २००६ च्या सीडीवर ते पूर्ण आहे, शिवाय टॉर्च, कलर्स, आणि हॉट चॉकलेट या बँडच्या 'एमा' गाण्याचं यांनी गायलेलं रूप, त्यामुळे ज्यांच्याकडे टर्नटेबल नाही त्यांनी ती सीडी शोधा, अजिबात कमीपणा वाटून घेऊ नका. ड्रिव्हन लाइक द स्नो मात्र कशावरही ऐका, हेडफोन लावून, रात्री. हळूहळू साठत जाणाऱ्या बर्फासारखं आहे ते, घाईत असाल तर लावू नका.

एलपी घेणार असाल तर दोन सूचना. एक, जुनी घेत असाल तर बाजू दोनची सुरुवात दुकानातच वाजवून बघा, सगळ्यात जास्त घासलेली तीच असते. दोन, मागवत असाल तर पॅकिंग आधी विचारून घ्या, माझी दुसऱ्या एका रेकॉर्डची ऑर्डर कुरिअरने चक्क उभी वाकवून आणली होती आणि पैसे परत मिळायला दीड महिना भांडावं लागलं. आणि हो, आवाज. ही रेकॉर्ड हळू आवाजात समजत नाही. डॉक्टरची किक छातीत लागली पाहिजे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, मी सांगते, आमच्या खालच्या काकू म्हणतात रविवारी अकरा ते बारा काय ते वाजव.

यानंतर यांनी १९९० ला अजून एक स्टुडिओ अल्बम काढला, व्हिजन थिंग, आणि मग आजतागायत एकही नाही. शो करतात, शोमध्ये नवी गाणी वाजवतात, पण रेकॉर्ड नाही. मला पूर्वी याचं फार वाईट वाटायचं. आता बाजू दोन संपली की उठून परत पहिल्या गाण्यावर सुई ठेवते. गेल्या रविवारी भाचा आला होता, अकरावीतला, दिवसभर मेटल ऐकणारा. दिस कोरोजनचा कोरस सुरू झाला तसा त्याने मोबाइल उलटा ठेवला, संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि मग विचारलं, आत्या, ड्रमर कोण आहे?