दोष ठिणगीचा की पेट्रोलचा? जुन्या मोटरसायकलवर काय दुरुस्त करावं, काय बदलावं

जुनी मोटरसायकल त्रास द्यायला लागली की दोन उपाय लगेच समोर येतात. पॉइंट (विजेचा प्रवाह ठरावीक क्षणी तोडून ठिणगी पाडणारी संपर्कांची जोडी) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवणं, नाहीतर झिजलेला कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) काढून नवा लावणं. दोन्हींमुळे गाड्या खरोखर सुधारतात, मी दोन्ही केलं आहे. पण तुमच्या गाडीला यातलं काय हवंय हे ठरवण्याआधी दोष कोणत्या बाजूला आहे ते शोधलंच पाहिजे. कार्ब्युरेटरच्या माथी मारली जाणारी कितीतरी दुखणी पॉइंटच्या झाकणाखाली सापडतात.

माझ्या ३५० सीसीच्या सिंगल सिलिंडर गाडीचं आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावरचं संथ चालणं, ठरेना. इंजिन गरम झालं की ते आपोआप चढायचं, थोडा वेळ तसंच राहायचं आणि मग एकदम खाली बसायचं. सगळी लक्षणं कार्ब्युरेटर हवा ओढत असल्याची. पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक भोक) तीनदा साफ केला, मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीचं) गॅस्केट बदललं, स्लाइड (मूठ फिरवली की वर जाऊन हवेची वाट उघडणारा भाग) नवी घातली, काही फरक नाही. शेवटी पॉइंटची प्लेट उतरवली आणि मागचं ऑटो ॲडव्हान्स, म्हणजे आरपीएम वाढले की ठिणगी आधी पाडणारी वजनं आणि स्प्रिंगा, पाहिलं. दोन वजनांपैकी एक बोटाने बाहेर ओढलं, तर ते तिथेच राहिलं. त्याची स्प्रिंग ताणून ढिली झाली होती. त्यामुळे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आयडलिंगलाच पुढे सरकायचं, त्याने आरपीएम वाढायचे, आणि आरपीएम वाढले की टायमिंग आणखी पुढे. नव्या दोन स्प्रिंगा आणि खिळीवर तेलाचा थेंब, एवढ्यावर ती तक्रार संपली. त्यानंतर मी कोणत्याही गाडीचा कार्ब्युरेटर आधी उघडत नाही.

आधी बाजू ओळखायची

सगळ्यात उपयोगी कसोटी अशी: पेट्रोलचा दोष थ्रॉटल किती उघडला आहे त्याच्या मागे जातो, ठिणगीचा दोष आरपीएम, इंजिनवरची ओढ आणि उष्णता यांच्या मागे जातो. थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मग एकाच खुणेवर मूठ धरून वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवा. प्रत्येक गिअरला त्याच खुणेवर अडखळत असेल तर दोष कार्ब्युरेटरमध्ये. खूण कोणतीही असो, ठरावीक आरपीएमच्या वर किंवा चढावर मिसिंग (मधूनच ठोका चुकणं) येत असेल तर आधी ठिणगी तपासायची.

खुणेवरून कार्ब्युरेटरचा कोणता भाग बिघडलाय तेही कळतं. आयडलिंगपासून अष्टमांश थ्रॉटलपर्यंत पायलट जेटचं राज्य. तिथून पावपर्यंत स्लाइडचा खालचा तिरपा काप ठरवतो. पाव ते पाऊण स्लाइडला लटकणारी नीडल आणि ती ज्यात वर-खाली होते तो नीडल जेट, आणि त्यापुढे मेन जेट. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर जास्त होतंय.

काही किलोमीटर छान चालून गाडी हळूहळू गळपटत बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पण दिवा विझल्यासारखी एका क्षणात बंद पडली आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू झाली, तर संशय पॉइंटला जोडलेला कंडेन्सर, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल किंवा एखाद्या सैल वायरवर. पेट्रोल असं झटकन जात नाही, फ्लोटच्या कटोरीत (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) थोडं उरलेलं असतंच.

प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगी बघण्याची पद्धत सगळेच वापरतात. तिच्यावर पूर्ण विसंबू नये. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. दाबलेल्या मिश्रणात तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर निळी दिसणारी ठिणगी आत चुकू शकते. आणि प्लग भोकापासून लांब धरायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

टू-स्ट्रोकवाल्यांनी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. क्रँकचं मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) बाजूचं सील गेलं की इंजिन तिथून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, आणि कार्ब्युरेटर कितीही बदला, इंजिन तापतच राहतं. असं असेल तर हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवून आधी सील बदला.

पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यावं

पॉइंटची मोठी जमेची बाजू म्हणजे ते हळूहळू बिघडतात आणि बिघडताना सांगतात. कॅमवर घासणारी टाच झिजते, त्याने गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. गाडी जड वाटायला लागते, किका जास्त लागतात. बऱ्याच जुन्या गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर गॅप लागते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), जाड कागदाची पट्टी, एक स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करता येते. बॅटरी अर्धी उतरलेली असली तरी पॉइंटवर गाडी बहुधा सुरू होते, आणि मॅग्नेटो असेल तर बॅटरीची गरजच नाही.

पॉइंटला नावं ठेवली जातात त्यातली बरीच खरं तर कंडेन्सरमुळे. अंधारात झाकण काढून इंजिन चालू ठेवा आणि पॉइंटकडे बघा. बारीक, मधूनच दिसणारी ठिणगी ठीक आहे. पिवळसर, मोठी, सतत तडतडणारी असेल तर कंडेन्सर गेलाय. त्याचं काम पॉइंट उघडताना होणारं स्पार्किंग गिळून कॉइलमधला प्रवाह झटक्यात तोडणं. ते नीट झालं नाही की एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो. नवे पॉइंट, जुना कंडेन्सर अशी जोडी लावली की थोड्याच दिवसांत नव्यांचीही तीच गत होते. नवा कंडेन्सर इंजिनच्या उष्णतेपासून दूर, कॉइलजवळ बसवता आला तर तो जास्त टिकतो. माझ्या गाडीत तो टाकीखाली आहे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये घासणारं काही नाही. पॉइंटच्या जागी पिक-अपची प्लेट आणि फिरणारं चुंबक येतं, ॲडव्हान्सचं काम युनिट करतं, आणि स्ट्रोब लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) एकदा टायमिंग लावलं की वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. माझ्यासारखी ढिली स्प्रिंग तिथे नसतेच. सर्वात मोठा फरक ट्विन सिलिंडर गाड्यांवर दिसतो. दोन पॉइंटच्या जोड्या, त्यात झिजलेला कॅम आणि थोडा लचकणारा दांडा, यामुळे दोन सिलिंडरचं टायमिंग एकमेकांशी जुळवणं फार कटकटीचं होतं. तिथे किट बसवल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, आयडलिंगला दोन्ही सिलिंडर एका सुरात येतात. सिंगल सिलिंडरवर, पॉइंट आणि ॲडव्हान्स ठणठणीत असतील तर, इतका फरक मला जाणवला नाही.

किटच्या अटी मात्र कडक आहेत. बॅटरी चांगली हवी, चार्जिंग चांगलं हवं, अर्थिंग स्वच्छ हवं. व्होल्टेज खाली गेलं की काही साध्या रचनेच्या युनिटांचं टायमिंग ढळतं आणि किक उलटी येते; घोट्याला लागलेली ती किक विसरता येत नाही. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला जोडलेलं असतं. ते न पाहता लाल-काळ्या वायरी जोडल्या तर युनिट पहिल्याच क्षणी जळतं. कॉइलचा रेझिस्टन्स किटच्या कागदावर दिलेल्या ओहमशी जुळायला हवा, हे मल्टिमीटरने एका मिनिटात कळतं. प्लगची टोपी बहुतेक किटना रेझिस्टरवाली लागते, साधारण ५ किलोओहमची. आणि युनिट गेलं तर सूचना न देता जातं. रस्त्यावर दुरुस्ती नाही.

या दोन्हींच्या मधला एक पर्याय आहे आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. ट्रान्झिस्टरचं छोटं युनिट लावून पॉइंट तसेच ठेवायचे. कॉइलचा मोठा प्रवाह ट्रान्झिस्टर तोडतो, पॉइंट फक्त त्याला इशारा देतात. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत, कंडेन्सर लागत नाही, फक्त टाचेची झीज उरते. युनिट बिघडलं तर कंडेन्सर जोडून गाडी जुन्या पद्धतीवर घरी आणता येते. सिंगल सिलिंडर गाडी लांबवर नेणाऱ्याला मी हाच सल्ला देईन.

मॅग्नेटोचं थोडं निराळं. अनेक जुन्या मॅग्नेटोंत कंडेन्सर आर्मेचरच्या आतच असतो. गार असताना एका किकेत सुरू होणारी आणि गरम असताना दाद न देणारी गाडी असेल, तर बहुतेक वेळा तो कंडेन्सर किंवा आतलं वायंडिंग गेलेलं असतं. वायंडिंग नव्याने करून घेणं खर्चिक, पण बॅटरीविना चालणारी गाडी हवी असेल तर तेच करावं.

जुना कार्ब्युरेटर दुरुस्त करावा की नवा लावावा

इथे निर्णय बॉडीवर आहे. जेट, नीडल, फ्लोट, सील हे सगळं बदलता येतं. बॉडी आणि स्लाइड यांची एकमेकांतली बसण महत्त्वाची. एअर फिल्टर काढा, स्लाइड आयडलिंगच्या उंचीवर धरा आणि बोटाने पुढे-मागे हलवा. खटखट वाजत असेल तर बाजूने हवा जाते आणि आयडलिंग कधीच ठरणार नाही. मग इंजिनकडच्या फ्लँजवर (नट लागतात त्या सपाट कडेवर) लोखंडी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर नट जास्त आवळून फ्लँज वाकलेला आहे. थोडा वाक सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून काढता येतो. स्लाइडच अडकण्याइतका वाकला असेल तर बॉडी गेली.

१९६७ च्या सुमारास ब्रिटिश गाड्यांवर आलेल्या अमल कॉन्सेन्ट्रिक कार्ब्युरेटरचं उदाहरण घ्या. बॉडी आणि स्लाइड दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या, एकाच धातूवर तोच धातू घासतो, म्हणून झीज लवकर होते. अनेकांत पायलट जेट आत खोलवर दाबून बसवलेला असतो, दिसत नाही आणि काढता येत नाही. क्लिनरचा स्प्रे मारून तो साफ झाला असं वाटतं, पण सुकलेल्या पेट्रोलचं वार्निश तिथेच राहतं. ०.४ मिलिमीटरचा ड्रिल बिट बोटात धरून, पायलट स्क्रूच्या भोकातून सरळ आत नेऊन, अगदी हलक्या हाताने फिरवायचा. बाहेर येताना टोकावर तपकिरी चिकट कण दिसले की समजायचं, चोकशिवाय गाडी का उभी राहत नव्हती. अशा कार्ब्युरेटरची बॉडी फार झिजलेली नसेल तर हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची नवी स्लाइड घातल्यानेही बराच फरक पडतो.

मधल्या थ्रॉटलला गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोल खाते, एवढीच तक्रार असेल तर नवा कार्ब्युरेटर घेऊ नका. नीडल घासून घासून नीडल जेटचं भोक मोठं झालेलं असतं. दोन लहान भाग बदलले की काम होतं.

नवा घ्यायचाच असेल तर त्याच बनावटीचा की दुसरा, हा प्रश्न उरतो. त्याच बनावटीचा नवा कार्ब्युरेटर जुन्या केबलवर, जुन्या फिल्टरला आणि जुन्या जेटच्या नंबरांवर बसतो. एका सकाळीत गाडी तयार. मिकुनी या जपानी कंपनीच्या व्हीएम मालिकेसारखा दुसरा घेतला तर झीज कमी, थंड इंजिन सुरू करायला नीट सोय, आयडलिंग शांत. पण रबरी मॅनिफोल्ड, वेगळी केबल आणि जेट जुळवायचे कित्येक दिवस हेही त्याच्याबरोबर येतं. जुने नंबर इथे कामाला येत नाहीत. अमलच्या मेन जेटचा नंबर म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं तो आकडा, मिकुनीची मोजणी निराळी. आणि गाडी मूळ रूपात दिसायला हवी असेल तर हा पर्याय बादच. हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकलांपासून मात्र लांब राहा. मी आणलेल्या एकीत एकाच नंबरचे दोन जेट होते, आणि एकाच्या भोकातून जाणारी तार दुसऱ्यातून जाईना.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार करा. त्याने जुने रबर फुगतात, कॉर्कच्या फ्लोटवरचा लाखेचा थर सुटतो, आणि ते ओल धरतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कटोरी रिकामी करून ठेवा, कार्ब्युरेटर नवा असला तरी.

दोन्ही बदल करायचे ठरले तर इग्निशन आधी, आणि दोन्ही एका दिवशी कधीच नाही. टायमिंग चुकीचं असताना लावलेलं मिश्रण टायमिंग सुधारल्यावर पुन्हा लावावं लागतं. किट बसवल्यावर शंभरेक किलोमीटर चालवा, प्लगचा रंग बघा, मगच कार्ब्युरेटरला हात घाला. काढलेली पॉइंटची प्लेट फेकू नका. गॅप लावून, कंडेन्सर आणि ऑटो ॲडव्हान्ससकट, एका पत्र्याच्या डबीत सीटखाली ठेवा. किटसाठी कॉइल बदलली असेल तर ती पॉइंटवर चालते का हे घरीच एकदा जोडून पाहा, आणि वायरींचे रंग कागदावर लिहून तो कागद त्याच डबीत टाका.