सहाव्या पायरीवरचा क्लब हाती घेताना: ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’

संगणकावर फुटबॉल क्लबचा मॅनेजर होऊन कारभार चालवायचा हा गेम घेतला की बहुतेक जण पहिल्याच रात्री मँचेस्टर सिटीसारखा बलाढ्य क्लब उघडतात आणि आठवड्याभरात कंटाळतात. भरल्या घरात कारभार करायला फारशी अक्कल लागत नाही. ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ काय चीज आहे ते कळतं इंग्लंडच्या लीग फुटबॉलच्या सहाव्या पायरीवर. नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथमधला, डिसेंबरात तळाच्या चारांत रुतलेला एखादा क्लब हाती घ्या. प्रत्येक गटात २४ संघ, ४६ सामने. खालचे चार थेट सातव्या पायरीवर. वर जायचं तर पहिला नंबर काढा, नाहीतर दुसऱ्या ते सातव्या नंबरांच्या प्लेऑफमधून एकटे उरा. हे परीक्षण तेवढ्याच उद्योगापुरतं आहे.

आधी यंत्राचं बोलू. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हचा हा गेम सेगाने ६ नोव्हेंबर २०२३ला बाजारात आणला. पुढची, २०२५ची आवृत्ती आधी लांबली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये रद्दच झाली. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेली २०२६ची आवृत्ती युनिटी या नव्या इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. तिच्यात महिला फुटबॉल पहिल्यांदाच आलंय, शिवाय चेंडू आपल्याकडे असताना एक रचना आणि नसताना वेगळी, अशी सोय आहे. पण पडद्याची मांडणी इतकी बदललीय की जुने खेळणारे चाचपडत बसतात. जुना लॅपटॉप असेल तर २०२४च बरा. कागदावर ४ जीबी रॅम आणि ७ जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात ८ जीबी हवी, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. इंदुरात आरएनटी मार्गावर ऑफिसातून निघालेले लॅपटॉप मिळतात, ते चालतात. फक्त डिस्क तिथेच बदलून घ्या. मे महिन्यात थ्रीडी सामना लावलात तर लॅपटॉपचा पंखा आणि छताचा पंखा यांची जुगलबंदी सुरू होते. सेटिंगमध्ये ‘टूडी क्लासिक’ आहे, तो निवडा. वरून दिसणारे ठिपके पळतात एवढंच, पण संघाची रचना कुठे फाटतेय ते थ्रीडीपेक्षा त्यातच नीट दिसतं.

करिअर सुरू करताना देश एकच घ्या, इंग्लंड, आणि त्यातली सर्वांत खालची पातळी म्हणून नॉर्थ-साउथ निवडा. डेटाबेस, म्हणजे गेममध्ये किती खेळाडू भरायचे ते, मध्यम ठेवा. कोपऱ्यात गेमच्या वेगाचे तारे दिसतात. ते तीनच्या खाली गेले तर एकेक दिवस पुढे सरकायची वाट बघत बसाल. आपल्या भारतातल्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि आय-लीगही यात आहेत. पण गेममधल्या आयएसएलमधून खाली घसरणं नाही, त्यामुळे तळाला असण्याची भीतीच नाही. ज्याला बुडता क्लब वाचवायचाय, त्याने तिकडे वेळ घालवू नये.

हंगामाच्या मध्यात सूत्रं घ्यायची तर सुरुवात ‘बेरोजगार’ म्हणून करा. पूर्वानुभवात ‘संडे लीग’ (रविवारचं हौशी फुटबॉल) निवडलंत तर महिनोन्महिने कोणी फोन करणार नाही. ‘सेमी-प्रो’ (अर्धव्यावसायिक) अनुभव आणि नॅशनल सी हा प्रशिक्षकाचा परवाना ही व्यवहारी जोडी. मग सुट्टीचं बटण दाबून नोव्हेंबरअखेरपर्यंत काळ पुढे न्या आणि ‘जॉब सेंटर’ उघडा. तोवर दोन-तीन क्लबांनी मॅनेजर हाकललेले असतातच.

मुलाखतीत जिभेला लगाम हवा. सहाव्या पायरीवरचं संचालकांचं बोर्ड म्हणजे गल्लीतल्या गणेश मंडळाची कार्यकारिणी समजा: वर्गणी कमी, अपेक्षा लालबागच्या. तरुण मुलांना खेळवू, आक्रमक खेळू, पगार आटोक्यात ठेवू, असं तुम्ही जे जे कबूल कराल ते ‘क्लब व्हिजन’मध्ये लिहिलं जातं आणि पुढे त्यावरूनच हिशेब मागतात. कबूल एकच करा, घसरण टाळू. विश्वासाचा काटा फार खाली गेला की बैठकीला बोलावतात आणि पुढच्या पाच सामन्यांत अमुक गुण आणा म्हणून बजावतात.

खुर्चीवर बसल्यावर पहिला तास खेळाडूंवर घालवू नका. आधी सहाय्यकाचं पान उघडा आणि ‘जजिंग प्लेअर अ‍ॅबिलिटी’, म्हणजे खेळाडू पारखण्याची नजर, बघा. गेममध्ये सगळे गुण १ ते २० मध्ये मोजतात. सहाय्यकाचा हा आकडा ७-८ असेल तर त्याने खेळाडूंना दिलेले तारे अंदाजपंचे समजा. शिवाय हे तारे तुमच्याच संघाच्या तुलनेत असतात. आंधळ्यांच्या संघात तीन तारे मिळवणारा काणाच निघतो. तारे झाकून आकडे वाचा.

आकडे वाचायचीही एक रीत आहे. या पातळीवर पासिंग, फर्स्ट टच (आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं), कंपोजर (दडपणात डोकं शांत ठेवणं) हे ५ ते ८च्या घरात घुटमळतात. ते सुधारायला ना वेळ असतो ना पैसा. सामना ठरतो पेस (पळण्याचा वेग), अ‍ॅक्सेलरेशन, जंपिंग रीच (उडी मारून किती उंच पोचतो), वर्क रेट (मेहनत) आणि डिटरमिनेशनवर (जिद्द). समजा एक सेंटर बॅक (मधला बचावपटू) आहे: जंपिंग रीच १५, हेडिंग १२, पण पेस ६. त्याला पुढे ओढून वरच्या ओळीत बचाव करायला लावलात तर प्रत्येक सामन्यात एक लांब चेंडू त्याच्या मागे पडेल आणि विसाव्या मिनिटाला गोल खाल. तोच माणूस बचावाची ओळ एक पायरी खाली ठेवली तर हवेतला प्रत्येक चेंडू परतवतो. खेळाडू तोच, आठवडा तोच, पगारही तोच. बदलला फक्त रेषेचा एक खटका. गेम इथे फार प्रामाणिक आहे.

म्हणून डावपेच साधे ठेवा. ४-४-२ (चार बचावपटू, चार मधले, दोन पुढचे), दोन्ही ओळी जवळ, थेट पास. गोलरक्षकाला ‘मागून खेळ उभा कर’ सांगू नका. त्याचा आखूड पास फर्स्ट टच ६ असलेल्या फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) जातो, तो एक स्पर्श जास्त घेतो आणि चेंडू आपल्याच पेनल्टीच्या पेटीपुढे हिसकावला जातो. गोल किक लांब, टार्गेट फॉरवर्डच्या, म्हणजे हवेतला चेंडू जिंकणाऱ्या उंच पुढच्या खेळाडूच्या डोक्यावर. शेजारचा स्ट्रायकर पेस असलेला. मधल्या दोघांपैकी एकाची जबाबदारी ‘डिफेंड’ असायलाच हवी, दोघेही वर गेले की मध्ये खिंडार पडतं. सगळ्यांत जास्त नुकसान करते प्रेसिंगची, म्हणजे चेंडूवाल्यावर सतत धावून जाण्याची हौस. टीव्हीवर पाहिलेलं दडपण या पोरांकडून करून घ्यायला जाल तर स्टॅमिना ९वाला मिडफिल्डर साठाव्या मिनिटाला जीभ बाहेर काढून उभा असतो, आणि गोल खाल्लेत तर ते शेवटच्या अर्ध्या तासात खाल्लेले दिसतील. ‘डेटा हब’ या आकडेवारीच्या पानावर गोल कोणत्या वेळी खाल्ले ते तपासा, खात्री पटेल.

सूचना मोजक्याच द्या, कारण संघ अर्धवेळ आहे. आठवड्यात सरावाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे डावपेचांची ओळख व्हायला पूर्णवेळ क्लबच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो. दर आठवड्याला रचना बदलणारा मॅनेजर त्या ओळखीची पट्टी कधीच भरू शकत नाही. ज्या थोड्या जागा आहेत त्यांत एक बचावाच्या रचनेला, एक सेट पीसला (कॉर्नर, फ्री किक) द्या आणि सामन्याच्या आदल्या दिवशी सामन्याचे डावपेच ठेवा. जिममध्ये घाम गाळण्याच्या सत्रांना इथे अर्थ नाही.

सेट पीस हा या आवृत्तीचा सर्वांत कसदार भाग. मांडणी नव्याने केलीय आणि सेट पीस प्रशिक्षकाची वेगळी जागाही आहे. सहाव्या पायरीवर तो परवडत नाही, तेव्हा हे काम स्वतःच करा. कॉर्नर जवळच्या खांबावर, तिथे जंपिंग रीच १५चा तो सेंटर बॅक, गोलरक्षकासमोर एक आडवा, पेटीच्या तोंडाशी एक, आणि मागे दोन वेगवान माणसं परतीच्या धावेसाठी. मागे एकच ठेवलात तर आपल्याच कॉर्नरवर गोल खाण्याची लाज पदरी पडेल. कॉर्नर घेणाऱ्याचा ‘कॉर्नर्स’चा आकडा १० असला तरी भागतं.

आता पैसा. इथलं पगाराचं बजेट म्हणजे आपल्याकडचं दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी: नळ चालू आहे म्हणून सगळं आज वापरलं की उद्या बादली कोरडी. नव्या मॅनेजरची ठरलेली चूक अशी: जानेवारीत आठ खेळाडू आणतो. आकड्यांनी सगळे सरस, पण एकमेकांना अनोळखी. ‘डायनॅमिक्स’ पानावर संघाची वीण उसवते, जुने पुढारी खेळाडू बेंचवर गेल्यामुळे कुरकुरतात, आणि फेब्रुवारीत आधीपेक्षा वाईट निकाल लागतात. तीनच आणा: एक सेंटर बॅक, एक गोलरक्षक किंवा मिडफिल्डर, एक पळणारा स्ट्रायकर. पुढारी म्हणून नोंद असलेला माणूस कितीही रद्दी वाटला तरी हंगाम संपेपर्यंत विकू नका.

उसने खेळाडू इथला खरा आधार. मोठ्या क्लबची अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, पगाराचा वाटा पाठवणारा क्लबही उचलतो. दोन खड्डे सांभाळा. एका सामन्याच्या यादीत किती उसने चालतात, ते स्पर्धेच्या नियमांच्या पानावर आधी वाचा. नाहीतर सहावा आणून बेंचवरही बसवता येत नाही. आणि करारात परत बोलावण्याचं कलम असेल तर ऐन मार्चमध्ये तुमचा गोल करणारा पोरगा परत जातो. नॉन-कॉन्ट्रॅक्टवाल्यांचंही (बांधून ठेवणारा करार नसलेल्यांचंही) तसंच. स्वस्त पडतात, पण दुसरा क्लब त्यांना फुकट उचलतो. चांगला खेळणाऱ्याला लगेच हंगामाअखेरचा अर्धवेळ करार द्या.

परदेशी खेळाडूंचं स्वप्न सोडून द्या, वर्क परमिट मिळत नाही. इंग्लंडचे हे नियम गेमने अगदी काटेकोर घेतलेत. २००९मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स या लंडनच्या क्लबने करार केला तरी भारताच्या सुनील छेत्रीला परमिट नाकारलं गेलं होतं. तुमच्या क्लबच्या शेड टाकलेल्या स्टँडला कोण विचारतो?

एफए कप या इंग्लंडच्या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेकडे काणाडोळा करू नका. या पायरीचे क्लब दुसऱ्या पात्रता फेरीत, सप्टेंबरात उतरतात, आणि एकेका फेरीचं बक्षीस वर्षभराच्या खर्चात जाणवण्याइतकं असतं. हंगामाच्या मध्यात आलेल्याच्या वाट्याला ते पुढच्या वर्षी. त्याच्या नशिबी हिवाळ्याचा चिखल. मैदान खराब, सामने पुढे ढकललेले, आणि मग मार्च-एप्रिलमध्ये शनिवार-मंगळवार-शनिवार असा रेटा. त्या सहा आठवड्यांसाठी फेब्रुवारीतच १८ धडधाकट माणसं मोजून ठेवा. ‘नॅचरल फिटनेस’ (सामन्यानंतर सावरण्याची ताकद) ७वाला मंगळवारी खेळला की शनिवारी अर्धाच उरतो.

खोट काय? बोलणं. पत्रकार परिषदेत तेच चार प्रश्न, ड्रेसिंग रूममध्ये तीच दहा वाक्यं. परिषद सहाय्यकावर सोपवा; ड्रेसिंग रूम स्वतःकडे ठेवा आणि एवढं पाळा की आपण दुबळे असताना पिछाडीवर ओरडायचं नाही, मनोबल आणखी ढासळतं. खालच्या लीगमध्ये निम्म्या खेळाडूंचे फोटो नाहीत, काळ्या सावल्या आहेत. काही संघांत जागा भरायला गेमने तयार केलेली राखाडी नावं दिसतात, त्यांना जीव लावू नका. खेळाडू हेरणारा स्काउट बहुधा एकही नसतो, म्हणजे शोध स्वतःच गाळणी लावून करायचा: वय, पेस १२च्या वर, करार संपत आलेला. आणि सगळं इंग्रजीत. हिंदी नाही, मराठी तर नाहीच.

गेमचा वेग मात्र खरा आहे. ल्युटन टाउन या खऱ्या क्लबला २००८-०९मध्ये ३० गुण वजा करून पाचव्या पायरीवर लोटलं, ते २०१४मध्ये तिथून वर आले आणि २०२३मध्ये सर्वांत वरच्या प्रीमियर लीगला पोचले. या गेममध्येही तेवढेच हंगाम लागतात. नीट खेळलात तर एक हंगाम तीन आठवड्यांच्या संध्याकाळी खातो. तेव्हा ‘ऑटो सेव्ह’ दर आठवड्याला आणि आळीपाळीने तीन फायलींवर लावून ठेवा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, पावसाळ्यात लाइट गेली की सेव्ह होत असलेली फाइल बिघडते. शेवटच्या दिवशी एका गुणाने वाचवलेला क्लब परत मार्चमधून वाचवायला बसणं फार जिवावर येतं.