अ‍ॅस्पर्जर असलेल्या मुलासाठी माध्यमिक शाळा: मोठी, छोटी, विशेष कक्षाची की विशेष शाळा?

अ‍ॅस्पर्जर म्हणजे ऑटिझमचा, मेंदूच्या वाढीतल्या वेगळेपणाचा, एक प्रकार: बुद्धी आणि बोलणं ठीक असतं, पण माणसांतले न सांगितलेले संकेत आणि अनेकदा गोंगाट जड जातो. शाळा बघायला गेलेले पालक आधी निकाल विचारतात, मग वर्गाची पटसंख्या. अ‍ॅस्पर्जर असलेल्या मुलाचा दिवस मात्र सहसा तासाला बिघडत नाही. तो बिघडतो दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला. तासाला काय करायचं ते ठरलेलं असतं. सुट्टीत कोणाजवळ उभं राहायचं, काय बोलायचं, गोंगाट सोसेना झाला तर कुठे जायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून खाली प्रत्येक प्रकारची शाळा आम्ही या मोकळ्या वेळाच्या बाजूने जोखली आहे.

प्राथमिक शाळेत एक बाई, एक वर्ग, एक बाक. माध्यमिकला आठ-दहा विषय आणि तितकेच शिक्षक. एका सरांना वहीत समास हवा असतो, दुसऱ्यांना तो नको असतो. त्याच वयात मुलांची मैत्रीही बदलते: एकत्र खेळण्याची जागा गप्पा, टोमणे आणि सूचक बोलणं घेतं. प्राथमिकला व्यवस्थित चाललेलं मूल बाराव्या वर्षी अचानक अडखळलं, तर ते मागे पडलेलं नसतं. त्याच्या भोवतीचे नियम बदललेले असतात, आणि ते कोणी त्याला सांगितलेले नसतात.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदान काढून ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तेच आहे. जुना अहवाल आणि नवा अहवाल यांत नाव वेगळं दिसलं, तर शाळेला हे समजावून सांगा. नाहीतर ‘ऑटिझम’ वाचून एखादी शाळा मुलाला अभ्यास झेपणार नाही असं ठरवते आणि ‘अ‍ॅस्पर्जर’ वाचून दुसरी म्हणते की मदतीची गरजच नाही. दोन्ही समज चुकीचे.

मोठी शाळा आणि छोटी शाळा

मोठ्या शाळेच्या नावानेच पालक बिचकतात. घंटा झाली की शेकडो मुलं एकाच वेळी व्हरांड्यात येतात, धक्के लागतात, आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. स्पर्श आणि आवाज ज्याला टोचतात, त्याला यातून दिवसात सहा-सात वेळा जावं लागलं तर शेवटच्या तासापर्यंत तो पार थकून गेलेला असतो. यावर साधा उपाय आहे: त्याला प्रत्येक तास संपायच्या तीन मिनिटं आधी निघू द्यायचं. पण हे सगळ्या शिक्षकांनी रोज पाळलं तरच उपयोग. एकाने जरी ‘बस खाली, घंटा व्हायचीय’ म्हटलं, तरी मूल पुन्हा विचारायला धजावत नाही.

मोठ्या शाळेची खरी जमेची बाजू म्हणजे आवडीची माणसं भेटण्याची शक्यता. हजार मुलांत रेल्वेच्या वेळापत्रकांचं किंवा कीटकांचं वेड असलेलं आणखी एखादं मूल सापडू शकतं. या मुलांची मैत्री गप्पांपेक्षा एखाद्या विषयातून जुळते. बुद्धिबळ, रोबोटिक्स, वाचन असे गट सुट्टीच्या वेळेत भरत असतील, तर सुट्टीचा प्रश्नच निम्मा सुटतो. आणि तुकडी बदलायची वेळ आली तर दुसरी तुकडी असते.

छोट्या शाळेत ती सोय नसते. इयत्तेला एकच तुकडी, पंचवीस मुलं, आणि त्यांतल्या चौघांनी चिडवायचं ठरवलं की पुढची चार-पाच वर्षं तीच चार. शिवाय छोटी शाळा म्हणजे शांत शाळा, हेही गृहीत धरू नका; उंच छत आणि फरशीच्या एका सभागृहात साठ मुलं पुरेसा गोंगाट करतात. छोट्या शाळेचं बळ असतं ते ओळखीत. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मुलाला नावाने ओळखतात, चेहरा पडलेला लगेच लक्षात येतो. मात्र पुष्कळदा हे सगळं एकाच जीव लावणाऱ्या बाईंवर उभं असतं. ‘त्या बाई सोडून गेल्या तर कोण बघेल?’ हे स्पष्ट विचारा. मदतीची योजना लेखी नसेल, तर ती त्यांच्याबरोबरच जाते.

विशेष कक्ष असलेली शाळा

नेहमीच्या वर्गात शिक्षण आणि आधाराला वेगळा कक्ष व विशेष शिक्षक. अभ्यासात चांगल्या पण गर्दीत कोलमडणाऱ्या मुलासाठी आम्ही सगळ्यात आधी ही शाळा बघू. फक्त कक्ष आहे एवढ्यावर थांबू नका. मूल तिथे केव्हाही, कारण न सांगता, ठरलेलं कार्ड दाखवून जाऊ शकतं, की आधी परवानगी लागते? अंगावर सगळं येत असताना बोलता येणंच आधी बंद होतं, तेव्हा तोंडी परवानगीची अट म्हणजे दार बंद असल्यासारखंच. थेरपीसाठी मुलाला त्याच्या आवडत्या तासाला उठवतात का? खोडकर मुलांना शिक्षा म्हणून त्याच खोलीत बसवतात का? तसं असेल तर तिथे जाणं कमीपणाचं होतं आणि मूल जाणं टाळतं. मदतनीस सतत शेजारी चिकटून बसत असेल तर इतर मुलं जवळ येत नाहीत. त्याने हळूहळू मागच्या बाकावर सरकायला हवं.

विशेष शाळा

वर्ग लहान, शिक्षक प्रशिक्षित, सुट्टीतही कोणीतरी सोबत. मोकळ्या वेळाच्या बाजूने हीच शाळा सरस. अडचण अभ्यासाची. बहुतेक मुलांना बौद्धिक अडचण असलेल्या शाळेत गणितात पुढे असलेलं मूल कंटाळतं, आणि तो कंटाळा वर्तनाची तक्रार म्हणून नोंदला जातो. शालान्त परीक्षेपर्यंत कोणते विषय शिकवतात, प्रयोगशाळा आहे का, हे आधी विचारा. पण मूल रोज सकाळी पोटदुखीने दारातच थांबत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर आधी त्याचा जीव शांत होऊ दे; गणिताची भर नंतर घालता येते. विशेष शाळा निवडणं म्हणजे हार मानणं नव्हे.

भेटीत काय बघायचं

पालकांसाठी सजवलेल्या दिवशी जाऊ नका. साध्या कामाच्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी जा आणि व्हरांड्यात उभे राहा. घंटेचा आवाज, लुकलुकणारी ट्यूबलाइट, स्वच्छतागृहाचा वास, सगळं टिपा. मग विचारा: ‘असं मूल मागच्या वेळी अडचणीत आलं, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय केलं?’ ज्यांनी खरोखर केलंय ते नाव न घेता बारकाईने सांगतात. ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे उत्तर आलं, तर काळजी करा.

शिक्षकांनाही एक प्रसंग सांगून बघा. बाई म्हणतात, ‘बेचाळीसावं पान काढता येईल का?’ मूल म्हणतं, ‘हो,’ आणि तसंच बसून राहतं. त्याने प्रश्नाचं उत्तर दिलं. ती विनंती होती हे त्याला कळलंच नाही. हे ऐकून शिक्षक ‘उद्धट’ म्हणतात की ‘मग मी सरळ पान काढ म्हणेन’ म्हणतात, त्यावर पुष्कळ ठरतं.

काही मुलं, त्यातही बऱ्याच मुली, शाळेत सगळं दाबून इतरांसारखं वागतात आणि घरी आल्यावर फुटतात. ‘आमच्याकडे काहीच त्रास नाही’ म्हणून घरची हकिकत उडवून लावणारी शाळा यादीतून काढा. परीक्षेतला वाढीव वेळ, वेगळी खोली, टंकलेखन या सवलती पहिल्या वर्षाच्या चाचण्यांपासून मिळतात का, तेही बघा. शेवटच्या वर्षी एकदम दिल्या तर त्या वापरायची सवयच नसते.

मुलाला पाच नव्हे, दोनच शाळा दाखवा. प्रत्येकी दोनदा, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. ‘आवडली का?’ असं न विचारता ‘सुट्टीत तू कुठे बसशील?’ असं विचारा. बोट दाखवायला त्याला एक जागा सापडली, तर त्या जागेचा फोटो काढून घरी लावा.