डॉक्टरांसाठीचा अ‍ॅलर्जी कोर्स: शेवटच्या तीन दिवसांसाठी करा

मी बालरोगतज्ज्ञ, प्रॅक्टिसला १९ वर्षं झाली. ओपीडीत दर दुसरं मूल शिंकत नाहीतर खाजवत येतं, त्यामुळे अ‍ॅलर्जी आपल्याला येते असा माझा समज होता. तो समज घेऊनच अ‍ॅलर्जी-इम्युनॉलॉजीच्या या कोर्सला बसले. चार महिने ऑनलाइन, शेवटी तीन दिवस प्रत्यक्ष.

ऑनलाइन भागाचं आधी उरकते. इतिहास छान शिकवला. ऑस्ट्रियन डॉक्टर फॉन पिर्केनं 'अ‍ॅलर्जी' हा शब्द दिला १९०६ मध्ये, ब्रिटिश डॉक्टर नूननं उपचार म्हणून गवताच्या परागकणांची इंजेक्शनं देऊन पाहिली १९११ मध्ये, आणि आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारं रक्तातलं प्रतिपिंड) हाती लागायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. म्हणजे पन्नासेक वर्षं उपचार चालू आणि कारणाचा पत्ता नाही! इम्युनॉलॉजीची व्याख्यानं मात्र रटाळ. सर स्लाइड वाचणार, आम्ही जांभया देणार. प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे जन्मजात कमकुवत प्रतिकारशक्ती, तर दीड तासात गुंडाळली. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणाऱ्या पोराच्या बाबतीत डॉक्टरला वेळेवर शंका येणं हेच सगळं असतं, आणि नेमकी ती शंका कशी यावी हे कुणी सांगितलंच नाही.

आता ते तीन दिवस. पहिल्या दिवशी स्किन प्रिक टेस्ट, एकमेकांच्याच हातावर. कोपराखाली आतल्या बाजूला पेनानं खुणा, दोन खुणांत किमान २ सेंटिमीटर अंतर, प्रत्येकीवर एकेक थेंब आणि लॅन्सेटचा, म्हणजे बारीक सुईचा, हलका टोचा. रक्त आलं तर चुकलं. एक थेंब हिस्टामिनचा (याला गांध उठायलाच हवी), एक नुसत्या सलाइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा (याला उठायला नको), बाकीचे धूळकिडे, परागकण, मांजर वगैरे. १५ मिनिटांनी माझ्या हातावर सगळ्याच गांधी उठल्या, मांजरासकट. मी उत्साहानं मोजायला घेतलं: गांधीभोवती पेनानं रेघ ओढायची, वर चिकटपट्टी दाबायची, शाई उतरली की ती कागदावर डकवून पट्टीनं मापायची.

मागून प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "मॅडम, मिठाच्या पाण्याचीही अ‍ॅलर्जी आहे असं लिहू का?"

सलाइनच्या जागीही ३ मिलिमीटरची गांध होती. मी तिकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी पेनाच्या बोथट टोकानं माझ्या दंडावर रेघ ओढली, पाचेक मिनिटांत ती दोरीसारखी वर आली. डर्मोग्राफिझम. नुसत्या दाबानं फुगणारी कातडी, तीही माझीच, आणि मला पत्ता नाही. सलाइनपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तरच गांध पॉझिटिव्ह धरायची. त्या हिशेबानं एकच उरली, धूळकिड्यांची. "पण मला धुळीचा कधी त्रासच होत नाही," मी म्हटलं. "मग ही सेन्सिटायझेशन. टेस्ट पॉझिटिव्ह, पण त्रास नाही. अ‍ॅलर्जी नव्हे," बाई म्हणाल्या. नुसत्या रिपोर्टांवर विसंबून मी आजवर किती पोरांचं दूध, अंडं बंद केलं असेल, याचा हिशेब त्या रात्री झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या झटक्याचा सराव, पुतळ्यावर, घड्याळ लावून. आमच्यातल्या निम्म्यांचा हात आधी अँटिहिस्टामिनकडे गेला. माझाही. आधी द्यायचं ते अ‍ॅड्रेनालिन, वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, हे तोंडपाठ होतं. हाताला ठाऊक नव्हतं. एकानं धाप लागलेल्या 'रुग्णा'चा रक्तदाब पडलेला असताना त्याला उठवून उभं केलं, तर परीक्षकांनी तिथेच घड्याळ थांबवलं.

तिसऱ्या दिवशी घोर निराशा. ओरल फूड चॅलेंज, म्हणजे संशयित पदार्थ देखरेखीखाली थोडाथोडा खाऊ घालून पाहणं, फक्त व्हिडिओत दाखवलं. ज्याची सगळ्यात भीती वाटते तेच करून बघायला मिळालं नाही. इम्युनोथेरपीचं (अ‍ॅलर्जी ज्याची त्याचीच इंजेक्शनं देऊन शरीराला सवय लावण्याचं) शिकवणं ठीक: तीन ते पाच वर्षांचा पल्ला, आणि दर इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवायचं, कितीही घाई करो. पण पहिला रुग्ण सुरू करताना अडलं तर कुणाला विचारायचं, याची सोय शून्य. कोर्स संपला तशी रेकॉर्डिंगंही बंद.

सर्टिफिकेट भिंतीवर लावून स्वतःला अ‍ॅलर्जीतज्ज्ञ म्हणवायचं असेल तर हा कोर्स घेऊ नका; पूर्ण वेळच्या फेलोशिपची सर याला नाही. जनरल प्रॅक्टिसवाल्यांनी आणि बालरोगवाल्यांनी मात्र ऑनलाइन भाग दीडपट वेगानं ऐकून टाकावा आणि प्रत्यक्षाचे दिवस अजिबात चुकवू नयेत. परवा एक आई स्किन टेस्टचा पाच पानी रिपोर्ट घेऊन आली. मी आधी सलाइनचा आकडा शोधला. तो रकानाच नव्हता.