खिशात मावतो, पण : रिको जीआर थ्री

गेल्या वारीत दिवे घाट चढताना माझ्या शर्टाच्या एका खिशात कॅमेरा होता आणि दुसऱ्यात दोन जादा बॅटऱ्या. रिको जीआर थ्री वापरायचा तर ही सवय लावूनच घ्यावी लागते. कंपनी स्वतःच एका चार्जवर साधारण २०० फोटो सांगते. आधीच्या जीआर टूला हा आकडा ३२० होता. म्हणजे नवं मॉडेल आलं आणि बॅटरी उलटी घटली!

पण बॅटरीसकट २५७ ग्रॅमच्या या डबीत मोठ्या डीएसएलआरमध्ये असतो तसा एपीएस-सी आकाराचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, आहे, २४ मेगापिक्सेलचा, आणि हात हलला तर तो सांभाळून घेणारी यंत्रणाही. एवढं कोंबायचं तर जागा कुठून तरी काढणं आलंच. जीआर टूमध्ये टुणकन वर येणारा फ्लॅश होता, तो इथे नाही. मला त्याचं दुःख नाही, बारशाला-मुंजीला फोटो काढणाऱ्यांना होईल.

मला खुपतो तो स्क्रीन. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही आणि स्क्रीनही जागचा हलत नाही. भर दुपारी त्यात स्वतःचंच तोंड दिसतं. मग अंदाजपंचे. तिथे स्नॅप फोकस कामाला येतो: लेन्सचं छिद्र लहान, एफ/८ वर, ठेवून अंतर अडीच मीटर लावून ठेवलं की साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट. बटण एकदम पूर्ण दाबायचं, फोकस शोधत बसायचं नाही. टाळ उचललेला हात, मागे वळण घेणारी दिंडी, दोन्ही नीट आले. कॅमेरा छातीशी होता, मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

पाऊस आला तेव्हा मात्र पंचाईत. या बॉडीला पाण्यापासून संरक्षण नाही. एका माउलींनी अंगावरच्या प्लास्टिकचा तुकडा फाडून दिला, त्यात गुंडाळला. सोबतच्या मेहुण्याकडे फुजीचा एक्स१००व्ही कॅमेरा. तो मजेत भिजत फोटो काढत होता. अर्थात, त्या कॅमेऱ्यालाही लेन्सवर रिंग आणि फिल्टर चढवल्याशिवाय पाणी चालत नाही, आणि ते दोन्ही वेगळे विकत घ्यायचे! शिवाय ४७८ ग्रॅमचं वजन दिवसभर गळ्यात. सासवडला पोचेस्तोवर मान चोळत होता बिचारा.

घेणार असाल तर दोन जादा बॅटऱ्यांचे पैसे आधीच धरा. आणि शर्टाच्या खिशाला बटण आहे ना, तेवढं बघा.